बालाघाटच्या पायवाटा आणि त्यांवरून धांवणारीं माणसें

बालाघाट हें नांव उच्चारलें म्हणजे पुष्कळांच्या डोळ्यांपुढें मध्य प्रदेशांतील त्या नांवाचा जिल्हा उभा राहतो. मराठी मुलखाचा स्वतःचा एक बालाघाट आहे आणि तो बीड जिल्ह्याच्या पोटांतून आडवा गेलेला आहे, ह्याची आठवण सहसा कोणास होत नाहीं. फारसींत ‘बाला’ म्हणजे वरचा. घाटावरचा प्रदेश तो बालाघाट आणि घाटाखालचा तो पाईनघाट, अशी दक्षिणेंतील जुन्या दफ्तरांची वांटणी असे. बीडच्या बोलण्यांत ही वांटणी अजून जिवंत आहे. गोदेकांठच्या काळ्या, सपाट भूमीस तेथें गंगथडी म्हणतात. आणि पाटोदा, केज, धारूर ह्या बाजूस जावयाचें असलें म्हणजे माणूस ‘घाटावर’ जातो.

सह्याद्रींतून हरिश्चंद्रगडाच्या बाजूनें निघालेली ही रांग अहिल्यानगर जिल्हा ओलांडून बीडमध्यें शिरते आणि पुढें धाराशिव-लातूरच्या पठारांत विरून जाते. उंचीचा दरारा वाटावा असें तींत कांहीं नाहीं. सह्याद्रीचे कडे पाहिलेल्या माणसास हे डोंगर म्हणजे नुसत्या टेकड्या वाटतात. परंतु पाणी वांटून देण्याचें काम ह्या टेकड्याच करतात. सिंदफणा आणि बिंदुसरा येथून उत्तरेस गोदावरीकडे उतरतात. मांजरा पाटोदा तालुक्यांत उगम पावून पूर्वेस लांबवर जाते आणि मोठा फेरा घेऊन अखेर तीहि गोदावरीसच मिळते. विंचरणा सौताड्याच्या कड्यावरून उडी घेऊन सीनेच्या वाटेस लागते. नद्या अशा चहूंकडे फांकल्या म्हणजे मधल्या भागांत खोरीं, खिंडी, ओढे आणि बरड माळ ह्यांचें जाळें तयार होतें. एका गांवाहून दुसऱ्या गांवास निघालेल्या माणसास चढ किंवा उतार टाळतांच येत नाहीं.

इतिहासाच्या पुस्तकांत ह्या मुलखांतल्या वाटा दिसतात त्या बहुधा फौजांच्या पायांखालीं. १० ऑगस्ट १७६३ रोजीं गेवराईच्या बाजूस गोदेच्या कांठीं राक्षसभुवन येथें थोरल्या माधवरावांनीं निजामाच्या फौजेचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथें पडला. नदीस पावसाळ्याचें पाणी होतें. निजामअली बऱ्याच सैन्यासह पलीकडे उतरला होता. अलीकडे राहिलेल्या फौजेवर मराठे तुटून पडले. पुढें ११ मार्च १७९५ रोजीं खर्ड्याची लढाई झाली. खर्डा आज जामखेड तालुक्यांत, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यांत मोडतें. परंतु बीडची हद्द तेथून फार दूर नाहीं, आणि निजामाची फौज ज्या मोहरी घाटानें खालीं उतरली तो ह्याच डोंगराचा उतार. उतरणें सोपें आणि उलट चढणें कठीण, हें डोंगराचें साधें गणित त्या फौजेस फार महाग पडलें. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यांत कोंडला गेला आणि त्यास तह करावा लागला. (१८१८ सालीं बापू गोखले जेथें पडले ती आष्टी मात्र सोलापूर जिल्ह्यांतील. बीड जिल्ह्यांतील आष्टी निराळी. ह्या दोन गांवांची गल्लत सुशिक्षितांच्या बोलण्यांतहि ऐकूं येते.)

ह्या लढायांच्या आधीं, लढाया चालूं असतां आणि त्या संपल्यावरहि त्याच घाटांवरून आणखी एक हालचाल होत असे. तिला नगारा नव्हता, निशाण नव्हतें. ती करणाऱ्या माणसांस कासीद, जासूद, हरकारा अशीं नांवें होतीं. पेशवाईंतील पत्रव्यवहार चाळणाऱ्यास ‘जासूदजोडी’ हा शब्द पदोपदीं भेटतो. पत्र घेऊन एकटा माणूस सहसा निघत नसे, दोघे निघत. एकाचा पाय मुरगळला, एक ओढ्यांत वाहून गेला किंवा चोरांच्या हातीं सांपडला, तर दुसऱ्यानें थैली पुढें न्यावी. फार महत्त्वाचा मजकूर असला म्हणजे त्याच्या दोन प्रती निरनिराळ्या जोड्यांबरोबर रवाना होत. ह्या कामाच्या मजुरीस अजुरा म्हणत, आणि पत्र कितव्या दिवशीं पोहोंचवावयाचें ह्याची बोलीहि आधीं होत असे.

अशा बोलीचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पानिपतच्या प्रसंगांतलें आहे. जानेवारी १७६१ मध्यें नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले असतां वाटेंत सावकारांचा एक कासीद त्यांच्या छावणीवरून जातांना सांपडला. पानिपतच्या सर्वनाशाची बातमी पेशव्यांस मिळाली ती त्याच्याजवळच्या पत्रांतून. ग्रँट डफच्या कथनानुसार ह्या कासिदानें लढाईनंतर नवव्या दिवशीं औरंगाबादेस पोहोंचण्याची बोली केली होती. राज्याचे स्वतःचे हेर, स्वार, सरदार मागें राहिले आणि सावकारांचा पायीं धांवणारा माणूस पुढें आला, ही गोष्ट मराठी इतिहासकारांनीं हळहळून सांगितली आहे. त्या हळहळीमध्यें धांवणाऱ्या माणसाकडे मात्र कोणाचें लक्ष गेलें नाहीं. त्याचें नांव काय, तो कोठला, पत्र काढून घेतल्यावर तो औरंगाबादेस गेला कीं नाहीं, ह्यांतलें कांहींहि कथेंत येत नाहीं. अजुऱ्याचे रुपये हिशेबांत लिहून ठेवण्याची आपली जुनी संवय; पायांची नोंद ठेवण्याची नव्हती.

धांवत्या टपालाचें ह्याहून जुनें आणि अधिक बारीक वर्णन एका परकी प्रवाशानें केलें आहे. महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास देवगिरीचें दौलताबाद करून तेथें राजधानी आणली. पुढें १३३३ सालीं हिंदुस्थानांत आलेल्या इब्न बतूतानें सुलतानाचें टपाल जातांना पाहिलें. घोड्यांचें टपाल होतें, तसेंच पायांचेंहि होतें. पायांच्या टपालांत एका मैलाचे तीन टप्पे असत. प्रत्येक टप्प्यावर कंबर कसून माणसें बसलेलीं असत. धांवणाऱ्याच्या एका हातांत पत्र आणि दुसऱ्या हातांत घुंगरांची काठी. घुंगरांचा आवाज कानीं पडला कीं पुढचा माणूस उठून उभा राही, हातांतल्या हातांत पत्र घेई आणि जीव खाऊन पळत सुटे. हें पायांचें टपाल घोड्यांच्या टपालापेक्षां जलद असे, असें हा प्रवासी स्पष्ट लिहितो. सिंधेहून दिल्लीपर्यंतची पन्नास दिवसांची मजल सरकारी टपाल पांच दिवसांत उरकी. दौलताबादेस असतां सुलतानाच्या पिण्यासाठीं गंगेचें पाणीहि ह्याच पायांनीं चाळीस दिवसांच्या वाटेवरून येई. तुघलकाचा बीडशींहि संबंध आहे, आणि तो मोठा चमत्कारिक आहे. बीडच्या मुक्कामीं त्याची दाढ दुखून पडली आणि तिच्यावर त्यानें थडगें बांधविलें, ही हकीकत फिरिश्त्यानें दिली आहे. राजाच्या एका दातास थडगें मिळालें. त्याच्या तोंडापर्यंत गंगाजल पोहोंचविणाऱ्यांस कोठेंहि दगड नाहीं.

सपाट मैदानांत मैलामागून मैल एका चालीनें पळणें आणि बालाघाटांत पळणें ह्यांत फरक आहे. येथील खडक थराथरांचा काळा पत्थर आहे. त्यामुळें डोंगराची बाजू पायऱ्यांपायऱ्यांनीं चढते. मध्येंच मुरमाचा घसरता उतार, त्याखालीं ओढ्याचे गोटे, पलीकडे काळ्या रानाचा बांध, पुनः चढ. अशा भूमींत वाटाहि दोन जातींच्या होतात. एक बैलाची आणि एक माणसाची. लमाण आणि वंजारी लोकांचे तांडे धान्य-मीठ बैलांच्या पाठीवर लादून ह्या मुलखांतून शतकानुशतकें हिंडले. १८०३ च्या दक्षिणेंतील मोहिमेंत वेलस्लीचें सैन्यहि ह्याच तांड्यांच्या धान्यावर अवलंबून होतें. लादलेल्या बैलास खडा चढ झेपत नाहीं आणि दुपारपर्यंत पाणी लागतें. म्हणून बैलाची वाट डोंगराच्या पोटावरून वळसे घेत, पाण्याला चिकटून जाते. पुढें गाडीवाटा झाल्या, मग सडका झाल्या, त्या बहुतेक अशाच वळणांवर. बीडहून मांजरसुंब्याकडे चढणारी आजची मोठी सडक, जिच्यावरून धुळें-सोलापूरची अवजड वाहतूक चालते, ती उंची अशीच वळणें घेऊन गांठते.

माणसाची वाट तसें करीत नाहीं. ती सरळ नाकासमोर चढते, ओढ्यांत जेथें दोन दगड जवळ आले असतील तेथें उडी मारते, बांधाच्या खांडींतून निघते आणि सडकेचा दोन कोसांचा फेरा अर्ध्या कोसांत संपविते. डोक्यावर ओझें नसलें आणि छातींत दम असला तर ती जवळची; नसला तर सडकच बरी. जासूद ह्या दुसऱ्या वाटेचा मालक. कोणत्या महिन्यांत कोणत्या ओढ्यास उतार असतो, रात्रीं कोणत्या वस्तीवर कुत्रीं अंगावर येतात, मुरमाच्या उतारावर टांच टाकावयाची कीं चवडा, ही विद्या कागदावर उतरली नाहीं. बापाकडून मुलाकडे ती पायांनींच गेली असली पाहिजे.

इंग्रजी अमदानींत टपालखात्यानें ह्याच माणसास पट्टा आणि पगार दिला. भाल्यासारखी काठी, तिला घुंगूर, पाठीवर थैली, अशा वेषांतला डाकेचा हरकारा इंग्रजी मुलखांत सर्वत्र ओळखीचा झाला. बीड तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. हैदराबाद संस्थानाचें टपाल स्वतंत्र होतें. १८६९ पासून त्याचीं स्वतःचीं तिकिटेंहि होतीं. राज्य कोणाचेंहि असो, घाट चढावयास पायच लागत. रेल्वे बीडच्या डोंगरास वळसा घालून दूरून गेली, तार मोठ्या गांवांपुरती राहिली, आणि मोटारी आल्या त्या फक्त सडकेवर. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. डाकेचा हरकारा ह्या काळांत हळूहळू दिसेनासा झाला. त्याची वाट राहिली. तिच्यावरून आतां बाजारास जाणारे, जनावरें वळणारे आणि शाळेंत जाणारीं मुलें चालूं लागलीं.

येथें थोडें पुण्याकडे वळणें जरूर आहे, कारण खेड्यांतील धांव शहराच्या घड्याळानें प्रथम मोजली ती तेथें. १९१९ च्या अखेरीस डेक्कन जिमखान्याच्या मैदानी सामन्यांस सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले. शर्यतींत पुष्कळसे शेतकऱ्यांचे मुलगे होते. पायांत जोडा नाहीं, शिकवणूक नाहीं, खाणें बेताचें. त्यांच्या लांब पल्ल्याच्या वेळा पाहून टाटा चकित झाले. ह्या वेळा युरोपांतील धांवपटूंच्या शेजारीं ठेवण्याजोग्या आहेत असें त्यांस वाटलें, आणि त्यांच्या खटपटीनें १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी पथक गेलें. त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्यें ते २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत १९ वे आले. त्या वर्षींची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरांची, म्हणजे नेहमींपेक्षां लांब होती, हें लक्षांत घेतलें तर ह्या वेळेचें मोल आणखी वाढतें. ह्यानंतर पुष्कळ वर्षें आपल्याकडे खेळ म्हटला कीं हॉकी आणि क्रिकेट असें समीकरण बसलें, आणि शेतकऱ्याच्या मुलाची धांव पुनः खेड्यांत परतली.

बीड जिल्ह्यांत आष्टी तालुक्यांत मांडवा नांवाचें गांव आहे. १३ सप्टेंबर १९९४ रोजीं तेथें एका शेतकरी-मजूर कुटुंबांत अविनाश मुकुंद साबळे ह्याचा जन्म झाला. शाळा घरापासून सहा किलोमीटर दूर. मोटार नाहीं, सायकलीची ऐपत नाहीं. सहा-सात वर्षांचा हा मुलगा वेळ गांठण्यासाठीं हें अंतर कधीं चालत, कधीं धांवत तुडवीत असे. जातांना सहा, येतांना सहा. ह्यास कोणी व्यायाम म्हटलें नाहीं, आणि त्या घरांत खेळाडू व्हावें असा विचारहि कोणाच्या मनांत नव्हता. बारावी झाल्यावर तो लष्करांत भरती झाला आणि महार रेजिमेंटच्या पांचव्या पलटणींत दाखल झाला. सियाचीनच्या बर्फांत, राजस्थानच्या वाळूंत आणि सिक्कीममध्यें त्याच्या नेमणुका झाल्या. २०१५ सालीं लष्करी तुकड्यांच्या क्रॉस-कंट्री शर्यतींत तो प्रथम उतरला, तेव्हां त्याचें वय एकवीस वर्षांच्या घरांत होतें. जागतिक दर्जाचे धांवपटू ह्या वयापर्यंत दहा-दहा वर्षांची तालीम करून बसलेले असतात.

प्रशिक्षक अमरीश कुमार ह्यांनीं त्यास स्टीपलचेसकडे वळविलें. ह्या शर्यतीची कुळकथा ठाऊक असल्याशिवाय पुढची गोष्ट नीट उमगणार नाहीं. अठराव्या शतकांत आयर्लंडमध्यें दोन घोडेस्वारांनीं एका गांवच्या देवळाच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गांवच्या मनोऱ्यापर्यंत, मधल्या कुंपणांवरून आणि चरांवरून सरळ रेषेंत शर्यत लावली, अशी कथा आहे. इंग्रजींत अशा मनोऱ्यास स्टीपल म्हणतात. पुढें १८५० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनीं तीच शर्यत घोड्यावांचून, स्वतःच्या पायांनीं धांवून पाहिली. मग ती मैदानांत आली. गांवकुसाच्या भिंतीऐवजीं लांकडी अडथळा आला, ओढ्याऐवजीं पाण्याचा खड्डा आला. आज ३००० मीटरांच्या ह्या शर्यतींत २८ अडथळे आणि ७ पाणउड्या असतात. पुरुषांसाठीं अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर, म्हणजे बरोबर तीन फूट. मैदानी खेळांतल्या साऱ्या धांवांमध्यें रानाची आठवण जिच्या अंगावर अजून उघड दिसते अशी ही एकच धांव. बांध आणि ओढा ज्यानें लहानपणीं शेकडों वेळां ओलांडला त्यास हे अडथळे घरच्यासारखे वाटले असतील, असें म्हणण्याचा मोह होतो. तो मोह थोडा आवरलेला बरा. लांकडी अडथळ्यावर वेग न मोडतां पाय ठेवणें ही वेगळी, काटेकोर कला आहे आणि ती साबळे ह्यांस लष्करांतच शिकावी लागली. बालाघाटानें त्यांस दिला तो दम, आणि न बघतां पाऊल टाकण्याचा विश्वास.

१९८१ सालीं टोकियोंत गोपाळ सैनी ह्यांनीं ८ मिनिटें ३०.८८ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला होता. तो ३७ वर्षें टिकला. २०१८ सालीं भुवनेश्वर येथें साबळे ह्यांनीं ८:२९.८० अशी वेळ देऊन तो मोडला, आणि नंतर स्वतःचेच विक्रम एकामागून एक मोडण्याचा त्यांस जणूं परिपाठ पडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल सामन्यांत त्यांस रौप्यपदक मिळालें, वेळ ८:११.२०. सुवर्णपदक केनियाच्या अब्राहम किबिवोट ह्यांस, वेळ ८:११.१५. दोघांमध्यें अंतर राहिलें सेकंदाच्या पांच शतांशांचें. त्या शर्यतीचें खरें महत्त्व अंतरांत नाहीं. १९९८ पासून राष्ट्रकुल सामन्यांतील ह्या शर्यतीचीं तिन्ही पदकें दर वेळीं केनियाच घरीं नेत असे. त्या रांगेंत शिरणारा हा पहिला परका माणूस, आणि तो सीनेच्या कांठच्या एका तालुक्यांतला. पुढें २०२३ सालीं हांगचौच्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक, जुलै २०२४ मध्यें पॅरिस येथें ८:०९.९१ हा विक्रम, आणि त्याच वर्षीं पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतींत ११ वा क्रमांक.

साताऱ्याच्या माण तालुक्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर ह्यांचीहि गोष्ट येथें आठवते. त्यांचीहि शर्यत स्टीपलचेसच, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्यें त्या अंतिम फेरींत पोहोंचून दहाव्या आल्या. माणदेश आणि आष्टी ह्यांमध्यें अंतर पुष्कळ आहे, परंतु दोन्ही मुलूख सह्याद्रीच्या पाऊसछायेंतले. पाऊस बेभरंवशाचा, भूमि बरड, वस्त्या विखुरलेल्या, शाळा लांब. महाराष्ट्राच्या नकाशावर अवर्षणाचा जो पट्टा उत्तर-दक्षिण पसरलेला आहे, त्यानें थोड्या वर्षांच्या अंतरानें ऑलिंपिकच्या अंतिम फेरीस दोन धांवपटू दिले.

ह्यावरून शहरांतील वृत्तपत्रांनीं एक सोपा निष्कर्ष काढला आहे: गरिबी आणि डोंगर हीच खरी तालीम. हा निष्कर्ष ऐकावयास गोड आणि तपासावयास कच्चा आहे. त्याच वाटांवरून त्याच वर्षांत हजारों मुलें शाळेस गेलीं. त्यांतलीं पुष्कळ मध्येंच गळलीं. मुलींच्या बाबतींत तर घर आणि शाळा ह्यांतलें अंतर हेंच शाळा सुटण्याचें कारण होऊन बसतें. शिवाय ह्या जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट आहे जी डोंगराहूनहि कठीण. दिवाळीच्या सुमारास बीडमधून लाखों माणसें ऊंसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. १९७२ च्या दुष्काळानंतर ही चाल फार वाढली. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवराबायकोच्या जोडीनें एक कोयता म्हणून गणलें जावयाचें, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतावयाचें. मुलें बरोबर गेलीं तर शाळेची वाट पांच-सहा महिने ओस पडते. अशा वेळीं सहा किलोमीटर धांवून शाळेस जावयास मिळणें हें त्या मुलखांत दैन्याचें लक्षण नसून, एका अर्थीं भाग्याचेंच होतें. साबळे ह्यांस पुढें आणलें तें लष्कराच्या भाकरीनें, प्रशिक्षकाच्या नजरेनें आणि नियमित सरावानें. ज्या मुलांस ह्यांपैकीं कांहींच भेटलें नाहीं, त्यांच्या धांवण्याची वेळ कोणत्याच घड्याळांत नाहीं.

दरम्यान डोंगरवाटांवरून हौसेनें धांवण्याचा खेळ जगभर रूढ झाला आहे. इंग्लंडच्या सरोवरप्रांतांत ग्रासमिअर येथें वाटाड्यांची डोंगरशर्यत १८६८ पासून प्रसिद्ध आहे; तेथेंहि पहिले धांवणारे पर्यटकांस डोंगर दाखविणारे गडीच होते. आल्प्समध्यें माँ ब्लाँ पर्वतास प्रदक्षिणा घालणारी सुमारें १७० किलोमीटरांची शर्यत २००३ सालीं सुरू झाली. आपल्याकडे सातारा, पुणें, नाशिक ह्या बाजूंच्या घाटांत आतां अशा शर्यतींस शहरांतील डॉक्टर, वकील, अभियंते उत्साहानें जातात. बीडच्या बालाघाटाकडे अजून त्या मानानें कोणी फिरकत नाहीं, ह्याचें नवल वाटतें. कपिलधारचा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधि ह्यांच्या आसपासचे डोंगर, सौताड्याची दरी, पाटोद्याकडील नायगांवचें मोरांचें अभयारण्य, धारूरच्या किल्ल्याभोंवतींचे चढ, ह्या साऱ्या ठिकाणीं पायवाटांची तोटा नाहीं. पावसाळ्याच्या अखेरीस गवत हिरवें असतांना हा मुलूख जितका सुंदर दिसतो तितका तो दुष्काळी म्हणून ऐकणाऱ्यांस कल्पनेंतहि दिसणार नाहीं. मात्र तेथें जाणाऱ्यानें वाट विचारावी ती गांवांतल्या म्हाताऱ्या धनगरास. नकाशांत सडका सांपडतात. बांधाची खांड सांपडत नाहीं.

ह्या वाटा किती दिवस राहतील हा प्रश्न आहे. वापरांत नसलेली पायवाट दोन पावसाळ्यांत घाणेरी आणि तरवडाखालीं जाते. शेताच्या मालकानें एकदां नांगर फिरविला कीं तिची खूणहि उरत नाहीं. वस्त्यांवर मोटारसायकली आल्या. अहिल्यानगर-बीड-परळी हा लोहमार्ग १९९५ सालीं मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी २०२२ सालीं आली आणि बीड शहरांत ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं पोहोंचली. तीस वर्षें ज्या गाडीची वाट पाहिली ती आल्याचा आनंद बीडकरांनीं मनापासून केला, आणि तो योग्यच होता. मांडव्याच्या मुलांस शाळेची गाडी मिळाली तर त्यांनीं धांवत जावें असें कोणीहि म्हणूं नये.

एक वाट मात्र दर वर्षीं तुडविली जाते. ज्येष्ठ महिन्यांत पैठणहून एकनाथमहाराजांची पालखी पंढरपुरास निघते. गोदाकांठ सोडून ती बीड जिल्ह्यांत शिरते, बालाघाटचा चढ चढून पाटोद्याच्या बाजूस येते आणि खर्डा, परांडा करीत पुढें जाते. ज्या उतारानें निजामाची फौज अडचणींत आली त्याच डोंगरावरून म्हाताऱ्या बायका तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन, चिखलांत पाय सांवरीत उतरतात. वाटेंत रिंगण होतें. मोकळ्या माळावर गोल आंखतात, आधीं घोडा धांवतो, मग पताकावाले, मग विणेकरी, आणि त्यांच्या मागून ज्यांस ज्यांस पळवेल ते सारे.